कमी पर्सेंटाइलवर पुण्यात अभियांत्रिकी प्रवेश: संस्था स्तरावरची जागा घ्यावी का?

परभणीकर पालक:
नमस्कार. माझ्या मुलीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात ६१ पर्सेंटाइल मिळाले असून बारावीला या तीन विषयांत मिळून ५८ टक्के आहेत. आम्ही ओबीसी प्रवर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. तिला पुण्यातच संगणक अभियांत्रिकी शिकायची आहे. एका मध्यस्थाने ‘कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) या गुणांवर काहीच मिळणार नाही, मॅनेजमेंटमधून जागा पक्की करून देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. मुलीचे मन मोडवत नाही आणि दुकानाच्या भांडवलाला हात लावण्याचा धीर होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रवेशमित्र:
कृपया एक रुपयाही आगाऊ देऊ नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आपल्यासारख्या उत्पन्नगटातील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. मात्र ती केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेणाऱ्या मुलींनाच लागू आहे. व्यवस्थापन (मॅनेजमेंट) कोट्यातून किंवा संस्था स्तरावर, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते ती, जागा घेतली, की ही सवलत हातची गेली. वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च तसाही आपल्यालाच करावा लागेल, त्यात शुल्काची भर कशाला? शिवाय प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने मनाई आहे.

‘काहीच मिळणार नाही’ हे पडताळून पाहण्यासाठी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील गेल्या वर्षीच्या सर्व फेऱ्यांच्या कटऑफ (प्रवेशाच्या शेवटच्या गुणरेषेच्या) याद्या उघडा. आपली मुलगी नांदेड विद्यापीठाच्या क्षेत्रातील असल्याने पुण्याच्या महाविद्यालयांत ‘एच’ने संपणारे, म्हणजे तेथील विद्यापीठ क्षेत्रातील (गृहविद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांचे, रकाने सहसा तिच्यासाठी नाहीत, तिने ‘ओ’ने, म्हणजे गृहविद्यापीठाबाहेरील जागांचे, आणि जेथे असतील तेथे ‘एस’ने संपणारे राज्यस्तरीय रकाने पाहावेत. त्यातही ‘एल’ने सुरू होणारे ओबीसी मुलींचे रकाने आधी पाहावेत. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या वेगळ्या जागांच्या, मागे लागू नये. त्या जागांची गुणरेषा सहसा चढी असते आणि शुल्कमाफी तिला अन्यथाही मिळणारच आहे.

वाघोलीतील प्राध्यापक:
वरील मताशी सहमत आहे, पण शाखेबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. पुणे शहरातील नावाजलेल्या महाविद्यालयांत या पर्सेंटाइलवर संगणक शाखेची आशा धरू नये. वाघोली, नऱ्हे, तळेगाव या बाजूंच्या काही महाविद्यालयांत स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीची गुणरेषा बरीच खाली येते. परंतु ज्या मुलीला संगणकाचीच आवड आहे, तिला केवळ पुण्याच्या हट्टापायी स्थापत्य शाखेत घालणे मला योग्य वाटत नाही. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर परिसरातील संगणक शाखाही पसंतीक्रमात अवश्य घालावी.

परभणीकर पालक:
मनापासून आभार. जात वैधता प्रमाणपत्र अद्याप हाती आलेले नाही, समितीकडे अर्ज केल्याची पावती तेवढी आहे. त्याने अडेल का? पसंतीक्रम किती मोठा भरावा?

प्रवेशमित्र:
अर्ज भरताना सहसा पावती चालते, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत अपलोड झाले नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो. म्हणून समितीच्या कार्यालयात आजपासूनच पाठपुरावा करा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही तपासा. प्रवेश वर्षाच्या पुढील ३१ मार्चपर्यंत ते वैध असावे लागते.

पसंतीक्रम मोठा भरावा, पण नको असलेले महाविद्यालय वर ठेवू नये. २०२५ च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिली, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप निश्चित होऊन उमेदवार पुढील फेऱ्यांतून बाहेर पडत होता. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत पाहून मगच क्रम ठरवा, आणि लॉगिनचा पासवर्ड त्या मध्यस्थाच्या हाती मुळीच देऊ नका.