मदत हवी आहे: वाळवलेल्या थायरॉईडची गोळी बंद झाली तर?

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. माझी थायरॉईड ग्रंथी कमी काम करते; त्यावरचे लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईडचे कृत्रिम टी-४ संप्रेरक) नियमित घेऊनही फणी भरून केस गळत. डुकराच्या वाळवलेल्या थायरॉईड ग्रंथीची एक ग्रेनची गोळी, जिच्यात ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३ ही थायरॉईडची संप्रेरके असतात, सुरू केल्यावर मला खरोखरच बरे वाटू लागले. या मान्यता नसलेल्या औषधांवर कारवाई करण्याचा इरादा एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हापासून मी डबीतल्या गोळ्या मोजत असते. प्रत्येक गोळीतले प्रमाण सारखे नसते, हा आक्षेप रास्तच आहे. पण आमचे काय? लेव्होथायरॉक्सिनसोबत लायोथायरोनिन (कृत्रिम टी-३) घेऊ लागलेल्यांनी मात्रा कशी ठरली, टीएसएच (थायरॉईडचे काम तपासण्यासाठी रक्तात मोजले जाणारे संप्रेरक) किती आठवड्यांत स्थिरावले आणि विम्याने खर्च दिला का, हे कृपया कळवावे. बदल अर्थातच डॉक्टरांना विचारूनच करीन.