दूरशिक्षणातून घेतलेली पदवी : आपापले अनुभव लिहावेत

धाग्याचे निमंत्रण

जुलैच्या सत्राचे प्रवेश जवळ आले की नोकरी, शेती किंवा संसार न सोडता पदवी कोठून घ्यावी, हा प्रश्न ओळखीतले कोणी ना कोणी विचारतेच. जाहिराती पुष्कळ आहेत. ज्यांनी खरोखर पुस्तके वाचली, स्वाध्याय लिहिले, परीक्षा दिल्या आणि ती पदवी पुढे कामी आणली, त्यांचे बोलणे मात्र एकत्र वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, मुंबई विद्यापीठाचा असा विभाग १९७१ पासून आहे, हैदराबादेत १९८२ मध्ये देशातले पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले, १९८५ मध्ये इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्यामुळे या वाटेने गेलेल्यांच्या आता दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत. आपण कोठे शिकलात, अभ्यासकेंद्र कसे होते, पुस्तके कशी होती आणि पदवीचे पुढे काय झाले, हे सविस्तर लिहावे. एखाद्या संस्थेविषयी तक्रार असेल तर संस्थेचे नाव न घेता प्रसंग सांगावा, कारण आपल्याला वाद नको आहे, पुढच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल अशी माहिती हवी आहे.

अंगणवाडी पर्यवेक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

माझे लग्न दहावीनंतर लगेच झाले आणि बारावी राहूनच गेली. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात त्या काळी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम होता. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारावी न झालेल्या व्यक्तीला तो उत्तीर्ण करून पदवीला प्रवेश घेता येत असे. मी त्याच वाटेने बी.ए. ला आले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे ब्रीद आमच्यासारख्या बायकांच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले, कारण रोज तालुक्याला जाऊन शिकण्याची परवानगी मला घरातून कधीच मिळाली नसती.

पुस्तकांविषयी मला आवर्जून लिहायचे आहे. ती मराठीत होती आणि शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून लिहिलेली होती. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्येमध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे असत. दुपारी मुले झोपली की मी एक भाग वाचून प्रश्न सोडवीत असे आणि उत्तर ताडून पाहिल्यावरच पुढे जात असे. कोणी विचारणारे नसतानाही आपल्याला किती समजले आहे, हे त्यामुळे कळत राहिले.

रविवारची संपर्कसत्रे तालुक्याच्या महाविद्यालयात होत. आमच्या केंद्रातले मराठीचे समंत्रक, म्हणजे संपर्कसत्रात शिकवणारे शिक्षक, एक विद्यार्थी आला तरी पूर्ण तास घेत असत. तिथेच मला दोन मैत्रिणी मिळाल्या. एक आशा कार्यकर्ती आणि दुसरी शिलाईकाम करणारी. आम्ही तिघींनी पुस्तके वाटून घेतली, ज्या भागाचा जिने अभ्यास केला तो तिने इतर दोघींना समजावून सांगायचा, असे ठरवले. तिघीही पदवीधर झालो. पुढे पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसण्यासाठी मला हीच पदवी लागली आणि ती मुक्त विद्यापीठाची आहे म्हणून कोणी अडवले नाही.

बँक कर्मचारी, सध्या नागपूर

मी इग्नूतून इतिहासात एम.ए. केले. बँकेच्या नोकरीत बदली ठरलेलीच असते. शिक्षण चालू असताना मी विदर्भातून मराठवाड्यात आणि तिथून पुन्हा नागपुरात आलो, तरी नोंदणी क्रमांक तोच राहिला, फक्त विभागीय केंद्र बदलून घ्यावे लागले. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे इग्नूची विभागीय केंद्रे आहेत. फिरतीची नोकरी असणाऱ्याला अखिल भारतीय विद्यापीठाचा हा लाभ राज्याच्या विद्यापीठात सहसा मिळत नाही.

आता भाषेची बाजू. पुस्तके इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. ज्यांचे सगळे शिक्षण मराठीत झाले आहे, त्यांनी प्रवेशापूर्वी ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर आपल्या विषयाचे दोन-तीन घटक वाचून पाहावेत. ते विनामूल्य आहे आणि आपल्याला त्या भाषेत वाचणे झेपेल की नाही याचे उत्तर एका आठवड्यात मिळते. इतके सोपे साधन हाताशी असताना माहितीपत्रक पाहून निर्णय घेणे मला पटत नाही.

स्वाध्यायांबद्दल नव्या विद्यार्थ्यांचा समज असा असतो की ते केवळ सोपस्कार आहेत. माझ्या अभ्यासक्रमात स्वाध्यायांना ३० टक्के आणि जून किंवा डिसेंबरच्या सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार होता. विकत मिळणारी तयार उत्तरे उतरवून देणारे पुष्कळ भेटले. त्यांना स्वाध्यायात गुण मिळत, पण परीक्षेच्या तीन तासांत मोठे उत्तर बांधता येत नसे, कारण ते बांधण्याचा सराव ज्या ठिकाणी व्हायचा तीच जागा त्यांनी मोकळी सोडलेली असे. एका श्रेयांकामागे, म्हणजे क्रेडिटमागे, ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. आठ श्रेयांकांचा एक विषय म्हणजे २४० तास. हे गणित मांडले की वर्षाला चार विषय नोकरी सांभाळून करणे किती जड आहे ते लक्षात येते. दोन वर्षांच्या एम.ए. ला चार वर्षांपर्यंतची मुदत असते आणि ती वापरण्यात कमीपणा मुळीच नाही.

एसटी वाहक, सातारा जिल्हा

मोठे लिहिण्याइतका वेळ नाही, तरी एक सांगतो. मुक्कामी गाडीवर रात्री विश्रांतिगृहात वाचन होते आणि बी.कॉम. तेवढ्यावर झाले. अडचण परीक्षेच्या दिवसांची येते. वेळापत्रक हाती पडताच आगारात रजेचा अर्ज द्यावा आणि सोबत हॉल तिकिटाची प्रत जोडावी, म्हणजे साहेबांनाही ड्युटी बदलून देणे सोपे जाते.

अभियंता, पिंपरी-चिंचवड

वरचे अनुभव वाचून आनंद झाला, पण या वाटेवरचा धोकाही कोणी तरी लिहायला हवा. पदविका झाल्यावर कारखान्यात नोकरी करीत असताना, २००३ मध्ये, मी परराज्यातल्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठाच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदवीला प्रवेश घेतला. अभ्यासकेंद्र एका व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर होते. प्रात्यक्षिकांसाठी यंत्रशाळा नव्हती. तरी पदवी मिळाली, कंपनीने ती मान्य केली आणि मी पर्यवेक्षकाचा अभियंता झालो.

३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा अभ्यासक्रमांविषयी निकाल दिला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेशिवाय काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा तो प्रश्न होता. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि परिषदेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच त्या पुन्हा लागू होतील असे ठरले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. माझी बढती रोखली गेली. चाळिशी ओलांडल्यावर गणित आणि यंत्रशास्त्र पुन्हा मुळापासून वाचून मी २०१८ मध्ये ती परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झालो. माझ्याच केंद्रातल्या, दोन-तीन वर्षांनी मागे असलेल्या मुलांना तेवढीही संधी मिळाली नाही, याचे दुःख मला आजही आहे. त्यांनी शुल्क भरले होते, रात्रपाळी करून अभ्यास केला होता आणि मान्यतेची कागदपत्रे तपासणे हे त्यांचे नव्हे, संस्थेचे आणि शासनाचे काम होते.

म्हणून ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ एवढ्या उत्तरावर कोणी समाधान मानू नये. मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, दूरस्थ पद्धतीसाठी आणि तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी आहे का, हे तिन्ही प्रश्न विचारावेत.

पालक, जालना

माझी मुलगी बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला महाविद्यालयात जाते आणि तिला सोबतच दूरशिक्षणातून दुसरी पदवी घ्यायची आहे. हे चालते का? आणि शासकीय नोकरीसाठी अशी पदवी कमी मानतात का?

ग्रंथपाल, पुणे (वरील प्रश्नास उत्तर)

चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा दिली आहे. त्यांपैकी एक नियमित वर्गात आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन असू शकते. त्याच वर्षी आयोगाने हेही स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. मात्र अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी, वास्तुरचना अशा शाखा दूरस्थ पद्धतीने शिकवण्यास बंदी आहे. कोणी त्या शाखेची ‘घरबसल्या पदवी’ देत असेल तर तिथेच थांबावे. २०२४ पासून प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी आधी विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या श्रेयांक पेढीचे, म्हणजे एबीसीचे, खाते हवे. हे काम विद्यार्थ्याने स्वतः करावे, दलालाच्या मोबाइल क्रमांकावर करू नये. नाहीतर पुढे प्रत्येक संदेश त्याच्याकडे जातो आणि आपण त्याच्यावर अवलंबून राहतो.

निवृत्त प्राध्यापक आणि समंत्रक, कोल्हापूर

मी अनेक वर्षे दिवसा महाविद्यालयात आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर शिकवले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या पिढीने एक विचार धरला होता, की विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे यायचे नाही, विद्यापीठाने त्याच्याकडे जायचे. हा विचार कागदावर राहतो की प्रत्यक्षात येतो, ते अभ्यासकेंद्रावर ठरते, असे माझे ठाम मत आहे. पुस्तक सगळीकडे एकच जाते, परीक्षाही एकच असते, पण एका केंद्राचे निम्मे विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला दिसत नाहीत आणि शेजारच्या तालुक्यातल्या केंद्राचे बहुतेक सगळे पदवीपर्यंत पोहोचतात. फरक कशाचा? मानधन तुटपुंजे असल्यामुळे काही ठिकाणी संपर्कसत्रे हजेरीपत्रकावरच होतात. काही ठिकाणी एखादा लिपिक असा असतो की पुनर्नोंदणीची तारीख जवळ आली की तो प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करतो. दूरशिक्षणातली गळती मी जितकी जवळून पाहिली, तितके मला दिसत गेले की माणसे अभ्यास कठीण म्हणून कमी आणि तारीख हुकली, पुस्तक आले नाही, स्वाध्याय कोणाकडे द्यायचा ते कळले नाही, अशा कारणांनी जास्त सुटतात. शेतात किंवा कारखान्यात राबणारा माणूस एकदा सुटला की पुन्हा चौकशीला येण्याचे बळ त्याच्याकडे उरत नाही.

म्हणून मी विचारायला येणाऱ्यांना सांगतो की शुल्क भरण्यापूर्वी एखाद्या रविवारी केंद्रावर जाऊन बसा. सत्र भरते का ते पाहा. गेल्या वर्षी शिकलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची गाठ घालून द्या म्हणावे. चांगले केंद्र ते आनंदाने करते.

गृहिणी आणि विद्यार्थिनी, लंडनजवळ

ब्रिटनमधल्या ओपन युनिव्हर्सिटीत मी मानसशास्त्र शिकत आहे. या विद्यापीठाला सनद १९६९ मध्ये मिळाली आणि पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये शिकू लागले. बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना येथेही पूर्वशिक्षणाची अट नाही. ऑनर्स पदवीसाठी ३६० श्रेयांक लागतात आणि अर्धवेळ शिकणारे बहुतेक जण वर्षाला ६० घेतात. शुल्क भारताच्या मानाने फार मोठे आहे, त्यामुळे सरसकट तुलना करणे योग्य होणार नाही.

तरी वरच्या प्राध्यापकांच्या पत्राला जोडून एक गोष्ट लिहिते. येथे प्रत्येक विद्यार्थ्याला नेमलेला शिक्षक असतो आणि तपासून आलेल्या स्वाध्यायावर गुणांपेक्षा त्याचे शेरेच जास्त असतात. कोणता मुद्दा पुराव्याविना मांडला, कोणते वाक्य प्रश्नापासून भरकटले, पुढच्या वेळी काय करावे, असे सगळे लिहिलेले असते. मी भारतात बहिःस्थ, म्हणजे वर्गात न जाता फक्त परीक्षा देणारी, विद्यार्थिनी म्हणून बी.कॉम. केले, तेव्हा तपासलेली उत्तरपत्रिका मला कधीच पाहायला मिळाली नाही. आपल्याकडे विद्यार्थिसंख्या प्रचंड आहे, हे मी जाणते. पण वर्षातून एका स्वाध्यायावर जरी समंत्रकाने पाच-सहा ओळींचा शेरा लिहून परत दिला, तरी एकट्याने शिकणाऱ्या माणसाला आपले लेखन कोणी तरी वाचले एवढे कळेल, आणि तेवढ्यावर तो पुढचे वर्ष काढील.

समंत्रक, कोल्हापूर (वरील अनुभवास उत्तर)

ताई, आमच्या केंद्रावर मराठीच्या स्वाध्यायांसाठी आम्ही हे काही वर्षे केले. वह्या परत देण्याची सोय वेळापत्रकात नव्हती, म्हणून पुढच्या सत्राचा पहिला तास त्यासाठी ठेवला आणि त्या तासाला सगळ्यांत जास्त विद्यार्थी येऊ लागले. आता ते केंद्र चालवणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी हा धागा पाठवला आहे आणि येत्या सत्रापासून निदान पहिल्या वर्षासाठी ही पद्धत पुन्हा सुरू करावी, अशी विनंती केली आहे.