कावळे मारायला गायरानात बंदूक? जरा दमानं घ्या पाटील

माणदेशी_खिलार

काल वारणाकाठ_७२ यांनी अमेरिकेतला एक व्हिडिओ टाकला. कुरणात गाई चरताहेत, कडेच्या झाडोऱ्यात दोघं बंदुका घेऊन बसलेत, कावळ्याचा आवाज काढणारं यंत्र लावलंय आणि थवा आला की धाडधाड बार. वर यांची मल्लिनाथी: 'आपल्या गायरानातही हेच पाहिजे. कावळे जनावरांच्या जखमा उकरतात. मी छऱ्याच्या बंदुकीनं महिन्यात चाळीस पाडले.'

पाटील, आमच्या गावात अशाच एका बहाद्दरानं बाभळीवरच्या डोमकावळ्यावर नेम धरला होता. कावळा उडाला आणि छर्रा बसला आमच्या खिलार जातीच्या कालवडीच्या कासेत. एक सड सुजून कायमचा गेला. पुढं व्याली तेव्हा तीनच सडांना दूध. खिलार आधीच देते किती, वासराचं भागवून दोन लिटर. आणि मारणारा काय म्हणतो, 'फांदीला आपटून फिरला असंल.' म्हणजे चूक बाभळीची!

त्यात खिलार बुजरं. बार निघाला की दावं तोडून बांधांवरनं उड्या मारत सुटतं, पाय मोडला तर भरून कोण देणार? आणि तुमच्या त्या अमेरिकेतही कावळ्यांच्या शिकारीचा हंगाम वर्षाला १२४ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पिलांचा भर असताना तर नाहीच. व्हिडिओत ते सांगत नाहीत.

वारणाकाठ_७२

तीन सडांच्या गाईवर एवढा निबंध? मग माझंही ऐक.

२०२२ ला जनावरांचा लम्पी रोग आला. माझ्या दावणीला दोन एचएफ गाई आणि एक बैल. बैलाच्या अंगावरच्या गाठी फुटून तळहाताएवढ्या जखमा झाल्या. उसाला पाणी पाजायला गेलतो, दोन तासांनी येऊन बघतोय तर पाठीवर चार कावळे बसून ओढतायत. बैल पडून. शेपटीनं हाणायचीही ताकद नव्हती, नुसता माझ्याकडं बघत होता. पाचव्या दिवशी गेला. कावळ्यानं मारला असं मी म्हणत नाही. पण सुखानं मरू दिलं नाही त्यांनी. त्या दिवशी बंदूक घेतली.

आणि कायदा शिकवू नका कुणी. कावळा उंदराबरोबर उपद्रवी यादीत आहे, १९७२ पासून.

गुरांची_डॉक्टरीण

होता. वन्यजीव संरक्षण कायद्याची ती पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत गेली, १ एप्रिल २०२३ पासून ती यादीच नाही. आता केंद्रानं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय कुणाला उपद्रवी ठरवता येत नाही. चाळीसचा आकडा चारचौघांत लिहिण्याआधी विचार करा, दादा.

बैलाचं वाचून वाईट वाटलं. त्या पावसाळ्यात मीही दिवसाला तीस-तीस जनावरं बघत होते. पण चांगल्या कातडीला कावळा सहसा तोंड लावत नाही. आधी जखम, मग माशी, मग किडे आणि मग तो. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून किडे काढा, जखम धुवा, कडुनिंब नाहीतर करंजाच्या तेलात कापूर घालून लावा, वर जुनं सुती लुगडं बांधा. तेलाच्या वासानं माशीच बसत नाही. आणि पडलेलं जनावर उघड्यावर ठेवू नका, छपरात घ्या.

वारणाकाठ_७२

म्हणजे कावळा साधू आणि मी नालायक. नुकतं जन्मलेलं वासरू? त्याला कुठली जखम असते, मॅडम?

गुरांची_डॉक्टरीण

नाळ. तिथं तुमचं बरोबर आहे. ओली नाळ ओढताना, एकदा तर डोळा फोडलेलाही मी पाहिलाय. म्हणून तर व्यायला आलेली गाय रानात सोडू नका म्हणून घसा कोरडा करते.

ऊसकरी_मिरज

सगळे फांदीवर बसलेत, मुळाकडं कोण बघतंय? कावळे वाढले कशानं? ओढ्याच्या पुलावरनं जा कुणीही. चिकनवाल्यांची आतडी-पिसं पोत्यानं, पोल्ट्रीवाल्यांची मेलेली कोंबडी पोत्यानं. त्यात जर्सीचे गोऱ्हे. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गोऱ्हा कत्तलीला विकता येत नाही आणि पोसायला परवडत नाही, मग रात्री कुणीतरी आणून सोडतं. मेला की कावळ्यांची पंगत. गिधाडं होती तेव्हा दोन तासांत हाडं उरायची. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधानं ती मेली. जनावरांसाठी ते २००६ ला बंद झालं, तोवर आकाश रिकामं.

कोंबडीवाला_विटा

सगळं खापर पोल्ट्रीवर! मी मेलेली कोंबडी खड्ड्यात चुना टाकून पुरतो, या बघायला. टाकणारे दुसरे.

ऊसकरी_मिरज

टाकणारे कायम दुसरेच असतात.

म्हसवडची_माहेरवाशीण

कावळा कशाला, गायरान तरी राहिलंय का? माझ्या माहेरी शंभर जनावरं चरायची. आता एका बाजूला घरं, एका बाजूला शेड आणि उरलेल्यावर सौर कृषी वाहिनी योजनेचे पॅनल येणार म्हणे. कुसळाच्या एका पट्टीत गुरंही तिथंच आणि कावळेही तिथंच. मग भांडणं होणारच.

वारणाकाठ_७२

पॅनलला नाव ठेवू नका, ताई. दिवसा वीज नको का? रात्री दोनला, उसात बिबट्या आहे हे माहीत असून, मोटार चालू करायला तुम्ही जाता?

म्हसवडची_माहेरवाशीण

वीज हवीच. कारखान्याच्या छपरावर लावा, कालव्यावर लावा. गरिबाच्या शेळीच्या तोंडातलाच घास दिसतो का?

माणदेशी_खिलार

ताई, शंभर टक्के. सुप्रीम कोर्टानं २०११ लाच जगपाल सिंग खटल्यात सांगितलंय, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून. पण काढणार कोण?

वारणाकाठ_७२

हे तू बोलतोस? तुझ्या चुलत्याचं कांद्याचं शेड कशात आहे? कोर्ट शेड बघून निकाल देतं का?

माणदेशी_खिलार

चुलत्याचं आणि आमचं वाटप होऊन वीस वर्षं झाली. आणि तुमच्या भावकीची वीटभट्टी काय सातबाऱ्यावर आहे?

ऊसकरी_मिरज

चला, आलो मुद्द्यावर! दोघांचीही मोजणी मागवा, फी मी भरतो.

कोंबडीवाला_विटा

पिंडाचं अजून कुणी काढलं नाही म्हणून मीच काढतो. वर्षभर छर्रे मारायचे आणि भाद्रपदात पान ठेवून 'काव काव' करत आभाळाकडं बघायचं.

वारणाकाठ_७२

आमच्या आबांच्या दहाव्याला तीन तास शिवला नाही. शेवटी दर्भाचा केला. तेव्हापासून मला ही जात आवडत नाही, पुरे?

म्हसवडची_माहेरवाशीण

आबांचं काहीतरी राहिलं असेल हो. वीटभट्टीचं विचारून बघा.

वारणाकाठ_७२

ताई, माहेरचं माणूस म्हणून सोडतोय.

गुरांची_डॉक्टरीण

भांडण संपलं असेल तर एक विचारते. त्या चाळीसांपैकी किती पडल्यावर सापडले? मेलेला कावळा छऱ्यासकट कुत्र्यानं खाल्ला, घारीनं खाल्ला, तर शिसं त्यांच्या पोटात जातं.

वारणाकाठ_७२

दहा-बारा सापडले. एक गोठ्यापुढं उलटा टांगला. त्यानंतर महिनाभर एकही फिरकला नाही, हे मात्र खरं.

माणदेशी_खिलार

मग एकातच काम झालं होतं की! एकोणचाळीस कशाला?

वारणाकाठ_७२

राग होता. बंदूक विकणार नाही, पण गुरं रानात असताना काढणार नाही, एवढंच. मॅडम, करंजाचं तेल आणि कापूर किती-किती? एका गाईचा खांदा सुजून फुटलाय. आणि खिलारवाल्या, मोजणीचा अर्ज उद्या टाकतोय. तुझ्या चुलत्याला सांगून ठेव.