सिगारेट वाईट, पण खर्रा चालतो? तुमच्याकडच्या पोरांचे अनुभव लिहा

वऱ्हाडी_ठेचा:
परवा पुण्याहून दहावीतला भाचा आलेला. टपरीवर कोणी सिगारेट पेटवली की नाक दाबून फुप्फुसावर लेक्चर. त्याच्याच वयाचा आमचा ब्रह्मपुरीचा चुलतभाऊ शेजारी बसून पन्नीत खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना) घोटत म्हणतो, "बरोबर हाय भाऊ, सिगारेट बेकारच, आपण हात नाही लावत बा." कोणी हसलं पण नाही, कारण घरात बाबा-काका सगळेच खातात! आमच्या शाळेत काळ्या फुप्फुसाचा तक्ता होता, धुराला जाम घाबरायचो आणि मधल्या सुट्टीत पोरं सुपारी-तंबाखू-चुना वाटून खायची. आज त्यातल्या दोघांचं तोंड नीट उघडत नाही. तुमच्याकडे पोरं कशाला घाबरतात?

मालवणी_कालवण:
आमच्यात मशेरी, भाजलेली तंबाखू दाताला लावतात ती. आजी तव्यावर भाजायची तेव्हा सगळं घर ठसकायचं. बारावीत ताईची दाढ दुखली म्हणून चिमूटभर दिली, ती अजून सुटली नाही. आणि भाओजींच्या सिगारेटवरून भांडते हीच 😄

सोलापुरी_चादर:
गल्लीत घराघरात विड्या वळतात, आईच्या सुपात तंबाखू आणि पोरगी तिथंच बसून अभ्यास करणार. फी त्यातूनच जाते, त्याला वाईट कोण म्हणेल? ओढायला मात्र पोरांना सिगारेटच पाहिजे, विडी म्हणजे म्हाताऱ्यांची

टेकडीवरची:
पुण्याची पोरं घाबरतात?? कॉलेजबाहेर चहा-सुट्टा बघा जरा. पुतणी तर म्हणते व्हेपमध्ये नुसती वाफ असते, आंब्याचा वास येतो. 2019 ला देशभर बंदी आली म्हटलं तर म्हणे, मग मिळतं कसं?

बर्लिनकर:
इथे रस्त्यात भिंतीवर सिगारेटची मशीनं, कार्ड लावून 18 पूर्ण आहेत का बघतात. लेकाच्या वर्गात समज असा की तंबाखू-कागद आणून स्वतः वळली तर केमिकल नसतं. आमचे विडीवाले आजोबा पण हेच सांगायचे

वऱ्हाडी_ठेचा:
@बर्लिनकर अगदी! गुटखा 2012 पासून राज्यात बंद, तो पुडीतला म्हणून वाईट. खर्रा डोळ्यासमोर घोटून देतात म्हणून ताजा, चांगला 🤦 मालवणी, ताईला डेंटिस्टकडे ने गं

मालवणी_कालवण:
नेलं होतं, दात साफ करून घेतले आणि घरी येऊन परत लावली

टेकडीवरची:
😂😂 सोलापुरी, यंदा हुरड्याला बोलावणार होतास त्याचं काय झालं?

सोलापुरी_चादर:
या की, शेंगा चटणी घरची आहे. तंबाखूवाले लांब बसतील