भिगवणच्या बोटी बंद करा म्हणणाऱ्यांना

केदार, कर्वेनगर: काल इथे पोस्ट होती की नदी सुरय या पक्ष्याची वीण वाचवायची तर मार्च ते मे भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात पक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटी बंदच करा. वाचून डोकं फिरलं. माझं आजोळ तिकडचं, आजोबांची जमीन उजनीत गेली, मामा बोटीवर चार पैसे कमावतो, आणि इकडे पुण्यात बसून बंद करा? धरण आटलं की हे पक्षी अंडी घालतात ते बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री थेट अंड्यांपर्यंत चालत जातात. 2025 ला तर मे मध्येच पाऊस कोसळला, पाणी चढलं. त्यात बोटीचा काय दोष?

स्वाती: पोस्ट माझीच. घरटं म्हणजे जमिनीवर नुसता खळगा, आत दोन-तीन ठिपक्यांची मातकट अंडी, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. गेल्या एप्रिलात आमची बोट बेटापासून वीसेक फुटांवर थांबवली, कारण एकाला चोचीत मासा धरलेला क्लोजअप हवा होता. जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालतेय आणि अंडी दहा मिनिटं भर उन्हात उघडी! हे पक्षी पोट भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात, गारव्यासाठी. त्यांना उठवलं तर अंडी भाजणारच ना. मी गप्प बसले, त्याची अजून लाज वाटते.

मंगेश, हडपसर: बोटी काय घेऊन बसलात? आपलं सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेत आणि तिथून उजनीत. नदीवर कवडीपाटला उभं राहा, फेस आणि जलपर्णी. आमच्या लहानपणी वाम, मरळ मिळायची, आता जाळ्यात चिलापीच चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा.

केदार: हेच म्हणतोय! घाण आमच्या पाण्यात सोडता आणि पक्षी वाचवायला आम्हालाच उपाशी ठेवता.

स्वाती: आम्ही-तुम्ही कशाला? तुम्हीही कर्वेनगरलाच राहता, तुमचंही पाणी तिथेच जातं.

मंगेश: ताई, चिडू नका, पण पुण्यातल्या नदीकाठ सुशोभीकरणावर तुम्ही कधी अवाक्षर काढलंत? काठाचं गवत गेलं, चिखल गेला, तिथल्या पक्ष्यांनी कुठे जायचं?

स्वाती: काढलंय, दोन मोर्चांना होते. पण नदी साफ व्हायला वर्षं लागतील, अंडी याच एप्रिलात आहेत. आययूसीएन या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या जिवांच्या यादीत हा पक्षी असुरक्षित आहे, तो थांबणारे का तोवर?

केदार: बरं. बंद नाही, पण वीस फूट चुकलंच, तेवढं मान्य. मामाला सांगतो, बेटापासून शंभर फूट लांब आणि इंजिन बंद. गिऱ्हाईक कुरकुरलं तर त्याला तुम्ही समजवा.

स्वाती: समजवते. आणि बेट जोडलं जाईल तिथे कुत्री हाकायला पहाटे कोण येणार? माझे दोन रविवार धरा.