घरबसल्या पॅम्प्लेट पोस्टाने पाठवून कमिशन मिळतं का? मेल-ऑर्डरवाल्यांनी सांगा

सायली_शिवण विचारते:

नमस्कार मंडळी, मला एक किट आलंय पोस्टाने. त्यात वेगवेगळ्या वस्तूंची छापील पॅम्प्लेट आहेत, प्रत्येकाच्या खाली एक रिकामी चौकट, त्यात आपल्या नाव-पत्त्याचा शिक्का मारायचा, झेरॉक्स काढायच्या, पाकिटात घालून लोकांना पाठवायच्या आणि ज्याची ऑर्डर येईल त्यातले निम्मे पैसे आपले, निम्मे आणि गिऱ्हाइकाचा पत्ता कंपनीकडे, माल कंपनी थेट त्याच्या घरी पाठवणार. सोबतच्या पत्रात लिहिलंय की हजार पाकिटं टाका आणि निवांत बसा. डीलर म्हणून नाव नोंदवायला फी आहे, ती अजून भरलेली नाही.

मी घरी शिवणकाम करते, दुपारचे दोन-तीन तास मोकळे असतात, पाकिटं भरायचं काम मला जड नाही. पण हजार पाकिटांचा टपालखर्च आधी माझ्याच पदरचा जाणार ना? हे खरंच चालतं का, की नुसतं कागदावर छान दिसतं? पाठवायचं कुणाला, पत्ते आणायचे कुठून? ज्यांनी केलंय त्यांनी नीट सांगा प्लीज, घरात सगळे म्हणतायत की सोड ते, पण कारण कुणीच देत नाही.

---

टपालपेटी:

सायलीताई, पद्धत खरी आहे, जुनी आहे, आणि ती सांभाळून करणारी माणसं आहेत. पोस्टाने माल विकणं म्हणजे काही आजची टूम नाही, माँटगोमेरी वॉर्डने अमेरिकेत १८७२ मध्ये धंदा सुरू केला तो एका पानाच्या किंमत-यादीवरच, शेतकऱ्यांना पोस्टाने पाठवलेल्या. पण त्याच्याकडे स्वतःचा माल होता, तुमच्या हातात फक्त दुसऱ्याचं पॅम्प्लेट आहे, म्हणून हिशोब आधी करा आणि शिक्का नंतर बनवा.

हिशोब असा. एका पाकिटामागे जो काही खर्च येतो तो सगळा धरा, म्हणजे छपाई, पाकीट, तिकीट, पत्ता विकत घेतला असेल तर त्याचे पैसे. अनोळखी लोकांना पाठवलेल्या शंभर पाकिटांमागे एक ऑर्डर आली तर या धंद्यात ती बरी समजतात, बऱ्याचदा तेवढीही येत नाही. म्हणजे त्या एका ऑर्डरने शंभर पाकिटांचा खर्च भरून काढायचाय! आता उलटं बघा, एका ऑर्डरवरचं तुमचं कमिशन हे एका पाकिटाच्या खर्चाच्या शंभर पट असलं पाहिजे, तेव्हा कुठे तुम्ही ना नफा ना तोटा. आणि कमिशन निम्मं आहे म्हणजे वस्तूची किंमत पाकिटाच्या खर्चाच्या दोनशे पट. दोनशे पाकिटांमागे एकच ऑर्डर आली तर चारशे पट.

किटमधली पॅम्प्लेट काढा आणि प्रत्येकावरची किंमत याच्याशी ताडून बघा. बहुतेक स्वस्तातल्या वस्तू असतात, दहा-बारा पानांची पुस्तिका, किचेन, असलं काहीतरी. निम्मं कमिशन ऐकायला गोड लागतं पण स्वस्त वस्तूचं निम्मं म्हणजे किती, तिकिटाचे पैसेसुद्धा सुटत नाहीत. घरातले कारण देत नाहीत म्हणालात, तर सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

---

सुबोध_प्रिंट:

टपालपेटी यांनी गणित बरोबर मांडलंय, मी पत्त्यांच्या यादीबद्दल लिहितो कारण माझ्या मते पॅम्प्लेटपेक्षा यादीच महत्त्वाची. डायरेक्ट मेलवाले, म्हणजे पोस्टाने थेट घरी जाहिरात पाठवणारे लोक ४०-४०-२० म्हणतात, म्हणजे यशातला ४० टक्के भाग यादीचा, ४० टक्के ऑफरचा, आणि देखणी छपाई-बिपाई सगळं मिळून उरलेले २०. नवीन माणूस नेमका उलटा वागतो, रंगीत कागद शोधत बसतो आणि पत्ते मिळतील तिथून उचलतो.

सगळ्यात वाईट यादी कोणती, तर जी या कमिशन धंद्यातच फिरते ती, घरबसल्या कमाई शोधणाऱ्यांची. त्या यादीतल्या माणसाला तुमच्यासारखंच पॅम्प्लेट आठवड्याला ढीगभर येतं, तो स्वतःच डीलर आहे, तो तुमच्याकडून कशाला घेईल, तो तुम्हाला त्याचं पॅम्प्लेट पाठवतो आणि तुम्ही त्याला तुमचं. सगळेच विकायला बसलेत, घेणारा कुणीच नाही, फायदा फक्त पोस्टाचा आणि पत्ते विकणाऱ्याचा. चांगली यादी म्हणजे ज्या माणसाने त्याच प्रकारची वस्तू पोस्टाने नुकतीच घेतली आहे. नुकतीच हा शब्द लक्षात ठेवा, महिन्याभरापूर्वी घेतलेला माणूस दोन वर्षांपूर्वीच्या माणसापेक्षा कितीतरी भारी. जुन्या यादीत लोक घर बदलून गेलेले असतात, पाकिटं तशीच परत येतात आणि तिकीट पाण्यात.

यादी भाड्याने घेतलीत तर ती सहसा एकदाच वापरायची असते, आणि त्यात मालकाने स्वतःचे काही पत्ते पेरलेले असतात, दुसऱ्यांदा वापरलीत की त्याच्या घरी तुमचं पाकीट पोचतं आणि त्याला कळतं. पण ज्यांनी तुम्हाला ऑर्डर दिली ते पत्ते तुमचे. म्हणून काही पुरवठादार ऑर्डर थेट स्वतःकडे मागवतात, तुमचा फक्त कोड नंबर पॅम्प्लेटवर, कमिशन महिन्याने देतो म्हणतात. तिथे गिऱ्हाईक त्यांचं झालं, शिवाय किती ऑर्डरी आल्या हे तुम्हाला कळायला मार्गच नाही, ते सांगतील तो आकडा. मी तरी असलं काम घेणार नाही.

वजनाचं पण सांगतो. ८० जीएसएमचा, म्हणजे नेहमीच्या झेरॉक्सचा ए-फोर कागद पाच ग्रॅमचा असतो. अमेरिकेत साध्या पत्राचा पहिला टप्पा एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, त्यात चार कागद आणि पाकीट बसतं. तुमच्या पोस्टात पहिला टप्पा किती ग्रॅमचा ते विचारा आणि तेवढ्यात बसतील तितकीच पॅम्प्लेट घाला, तिकीट एकच लागतं आणि विकायच्या वस्तू दोन-तीन होतात. मात्र कोंबू नका! पाकीट उघडल्यावर आठ रंगांचे आठ कागद पडले की माणूस एकही वाचत नाही. एकमेकांशी संबंध असलेले दोन-तीन पुरेत.

आणि कोड टाका. शिक्क्यात पत्त्याच्या ओळीत विभाग अ, विभाग ब असं काहीतरी, यादीप्रमाणे वेगळं. ऑर्डर आली की कोणत्या यादीतून आली ते पाकिटावरच दिसतं. हे न करता हजार पाकिटं टाकणं म्हणजे डोळे मिटून पैसे उडवणं.

---

वैशाली_के:

ताई फी भरू नका, आधी हे वाचा!!

पॅम्प्लेट पाठवणं आणि पाकीट भरण्याची स्कीम या दोन गोष्टी मुद्दाम सारख्या दिसतील अशा केलेल्या असतात. स्कीम अशी असते की "पाकिटं भरा, प्रत्येक पाकिटाचे पैसे मिळवा", तुम्ही फी भरता, आणि बदल्यात एक कागद येतो की आता हीच जाहिरात तुम्ही छापा, जे फी पाठवतील ते पैसे तुमचे. भरायला पाकिटं नसतातच. अमेरिकेची टपाल तपास यंत्रणा कितीतरी वर्षं लोकांना याबद्दल सावध करतेय. तिथे पोस्टाचा वापर करून फसवणूक हा गुन्हा १८७२ पासून कायद्यात आहे, आज त्याला २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे मागणारी साखळी-पत्रं पण तिथे बेकायदा, वर कितीही मोठ्या अक्षरात "हे कायदेशीर आहे" लिहिलेलं असलं तरी. खरं तर एखाद्या पॅम्प्लेटवर ते वाक्य दिसलं की मला आधी संशय येतो, सरळ माल विकणारा माणूस कशाला लिहील ते.

भारतात पैसे फिरवण्याच्या योजनांवर, म्हणजे नवे सभासद आणले की पैसे मिळतील असं सांगणाऱ्या योजनांवर, बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे आणि तो फक्त योजना चालवणाऱ्यावर नाही, तिचा सभासद होणाऱ्यावर, त्यात भाग घेणाऱ्यावर पण लागतो. म्हणजे मी फक्त पाकिटं पाठवली असं म्हणून सुटका नाही, शिक्का तुमच्या नावाचा आहे.

तर किटमधली पॅम्प्लेट एकेक करून हातात घ्या आणि एकच प्रश्न विचारा, ज्याला पैसे कमवायचे नाहीत असा माणूस ही वस्तू विकत घेईल का? उत्तर नाही असेल तर ते पॅम्प्लेट बाजूला टाका.

---

सायली_शिवण:

बापरे, सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

आत्ता सगळी पॅम्प्लेट पलंगावर पसरून बघितली वैशालीताई म्हणाल्या तसं. निम्म्याहून जास्त तर डीलर व्हा, डीलर बनवा, पत्त्यांच्या याद्या घ्या, हीच आहेत, फिरून फिरून तेच. एकाच्या चौकटीत आधीच कुणाचा तरी शिक्का आहे आणि त्यावर पांढरी शाई लावून परत झेरॉक्स काढलेली, खालचं नाव अर्धवट दिसतंय. ती सगळी गेली कचऱ्यात.

पण एक पॅम्प्लेट कपड्यांच्या कागदी पॅटर्नचं आहे, लहान मुलांचे फ्रॉक, ब्लाउज, मापांच्या तक्त्यासकट पूर्ण संच. ते मला स्वतःला घ्यावंसं वाटलं. किंमतही बरी आहे, पाकिटाच्या खर्चाशी लावून बघितली तर दोनशे पटीच्या थोडी वरच जाते. आणि शिवणाऱ्या बायका मी ओळखते, क्लासच्या मैत्रिणी, त्यांच्या ओळखीच्या. एवढ्या एकावर करून बघावं का? आणि गिऱ्हाइकाने पैसे मला पाठवले आणि कंपनीने माल पाठवलाच नाही तर?

---

टपालपेटी:

हे आवडलं मला, ज्या वस्तूतलं तुम्हाला कळतं तीच धरलीत. दोनशे पट म्हणजे अनोळखी यादीवर जेमतेम बरोबरीत, पण शिवणाऱ्या बायकांची यादी अनोळखी नाही, तिथे शंभरात एकापेक्षा जास्त ऑर्डरीची आशा धरायला हरकत नाही. मात्र क्रम सांगतो तसा ठेवा.

आधी स्वतः एक संच मागवा, दुसऱ्याच्या नावावर मागवलात तर उत्तमच, म्हणजे डीलर म्हणून खास वागणूक मिळणार नाही. किती दिवसांनी येतो बघा, पॅटर्न कापून एक फ्रॉक शिवून बघा, मापं जुळतात का ते तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार. अमेरिकेत नियम आहे की पॅम्प्लेटमध्ये मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना व्हायला हवा, नाहीतर गिऱ्हाइकाला कळवायचं आणि पैसे परत घ्यायची मुभा द्यायची. तुमच्याकडे नियम काहीही असो, तुम्ही हाच पाळा.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दुकानदार तुम्ही आहात, कारण चौकटीत नाव तुमचं आहे. माल नाही पोचला तर पत्र तुम्हाला येणार, कंपनीला नाही. म्हणून येणाऱ्या पैशातलं तुमचं निम्मं लगेच खर्चायचं नाही, माल पोचल्याचं कळेपर्यंत वेगळं ठेवायचं, आणि कंपनीकडून लेखी घ्यायचं की माल परत आला तर त्यांच्या वाट्याचे पैसे कोण देणार. लेखी द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच थांबा. आणि फी जर नुसतं डीलर म्हणून नाव लावायची असेल तर देऊ नका, पॅटर्न विकणाऱ्याला तुम्ही गिऱ्हाईक आणून देताय, त्याने तुमच्याकडून पैसे का घ्यावेत. छापील पॅम्प्लेटच्या गठ्ठ्याचे पैसे मागितले तर ती वेगळी गोष्ट.

---

सुबोध_प्रिंट:

चाचणीबद्दल एक भर घालतो. शंभर पाकिटं टाकून एकही ऑर्डर नाही आली म्हणून हे चालत नाही असं ठरवू नका, आणि पहिल्या वीसात दोन आल्या म्हणून हजार छापू पण नका. शून्य आलं तर एक सोपा ठोकताळा आहे, तीनला पाठवलेल्या पाकिटांच्या संख्येने भागायचं. १०० पाठवून शून्य, तर खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंतही असू शकतं, काहीच कळलं नाही. ३०० पाठवून शून्य, तर ते एक टक्क्याच्या वर असण्याची शक्यता फारच कमी, आणि तुमचं गणित तर एक टक्क्यावर उभं आहे, मग सोडून द्या. म्हणजे हजार नाही, तीनशेची तयारी ठेवा, तेवढे पैसे गेले तरी चालतील असे असतील तरच.

आणि ओळखीच्यांना पोस्टाने कशाला पाठवताय सायलीताई, क्लासमध्ये हातात द्या की, तिकीट वाचलं! पोस्टाचे पैसे लांबच्या बायकांसाठी ठेवा.

---

वैशाली_के:

ऑर्डर येतील त्या संचासोबत तुमचं दुसरं पॅम्प्लेट जाईल का हे पण विचारून घ्या कंपनीला. पार्सलमधून गेलेल्या पॅम्प्लेटला वेगळं तिकीट लागत नाही आणि ते पोचतं ते नक्की विकत घेणाऱ्याच्याच हातात, त्यामुळे दुसरी ऑर्डर येते ती तिथूनच. बऱ्याच कंपन्या आधी नाही म्हणतात कारण त्यांना स्वतःचं घालायचं असतं, पण थोड्या ऑर्डरी दिल्यावर परत विचारा. आणि गिऱ्हाइकांचे पत्ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा पहिल्या दिवसापासून, कोणी काय घेतलं, केव्हा घेतलं. कंपनी बदलली तरी वही तुमच्याकडे राहील.

---

सायली_शिवण:

संच मागवलाय आज, नणंदेच्या नावावर. फी भरली नाही, त्यांना पत्र लिहून विचारलंय की फक्त पॅटर्नचंच काम घेतलं तर चालेल का आणि परतीच्या मालाचं लेखी द्याल का. उत्तर आलं की इथेच टाकते.