मदत हवी आहे: इंग्रजी ‘मीट’ दहावीच्या मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘मीट’ या क्रियापदावर गाडी अडली आहे.

‘त्याला भेटलो’ म्हणून मुलं ‘आय मेट टू हिम’ लिहितात. ते सरावाने सुटतंय. खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे ‘पेन भेटलं’ सर्रास म्हणतात, आणि कन्नडमधलं ‘सिगु’ही वस्तू आणि माणूस दोघांनाही चालतं. त्यामुळे वहीत येतं ‘आय मेट माय पेन’! ‘मीट फक्त माणसांसाठी’ असं सांगावं, तर ‘मीट द डेडलाइन’, ‘मीट द नीड्स’ समोर येतात. शिवाय कणकुंबीला उगम पावलेली आपली मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेला ‘मीट’ होतेच की. हे उदाहरण मात्र मुलांना पटकन कळलं.

दुसरा गोंधळ ‘मीट विथ’चा. अपघाताला ‘मेट विथ ॲन ॲक्सिडेंट’ हेच बरोबर. माणसाच्या बाबतीत अमेरिकन इंग्रजीत ‘मेट विथ’ म्हणजे ठरवून, चर्चेसाठी भेटणं. ब्रिटिश वळणात साधं ‘मेट’ पुरतं. शब्दकोशात हे आहे, पण मुलांपुढे दोन्ही ठेवले की ती सगळीकडेच ‘विथ’ लावतात.

वर्गात फक्त फळा-खडू आहे, मोबाइल ॲप सुचवू नका. एसएसएलसीचे (कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेचे) पेपर तपासलेल्यांनी जरूर सांगावं: पत्रलेखनात ‘आय मेट विथ द हेडमास्टर’ लिहिलं तर गुण कापतात का? आणि ‘मिळणं’ व ‘भेटणं’ वेगळं करणारा एखादा फळ्यावरचा सराव कुणी घेतला आहे का?